वलगावचं चिलखत

पुंडलिकभाऊंच्या हातात कोणतीही वस्तू गेली की ते आधी तिचं वजन सांगायचे. छत्री असो, माझी रंगांची पेटी असो, नाहीतर कुणाचं तान्हं पोर असो. तळहातावर घ्यायचं, डोळे अर्धवट मिटायचे, दोनदा वरखाली हेलकावा द्यायचा, की निकाल तयार. "पावणेदोन शेर." एकदा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, गंमत म्हणून कायद्याचं जाडजूड पुस्तक त्यांच्या हातावर ठेवलं. भाऊंनी तोललं आणि म्हणाले, "अडीच शेर. पण वकीलसाहेब, यातलं तुमी वाचलं किती?" वकीलसाहेब हसले खरे, पण पुस्तक परत घेताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. मूळचा अकोल्याचा. चित्रकलेच्या मास्तराला उद्योग काय असतो, अशी सगळ्यांची समजूत असल्यामुळे मंडळाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं आणि मग काही केल्या निघेना. मंडळाचं काम एकच. दसऱ्याच्या दुपारी मैदानावर जुन्या काळातली लढाई करून दाखवायची. बांबू-तट्ट्यांचा किल्ला, आत वीस माणसं, बाहेर तीस माणसं, ढोल, तुतारी, गुलाल, आणि शेवटी वकीलसाहेब घोड्यावरून किल्ल्यात शिरणार. लढणारे सगळे कारकून, दुकानदार नि कंपाउंडर. दसरा एका दिवसाचा, पण माझे दोन महिने त्यात जायचे. पागोटी मोजा, लाकडी तलवारींना बेगड लावा, रुसलेल्या सरदाराच्या घरी जाऊन त्याची समजूत काढा, सरकारकडे परवानगीचा अर्ज करा. नुसतं आठवलं तरी आजही पाय दुखतात हो.

पोशाख आम्ही अकोल्याहून आणायचो. तिथे नाटकवाल्यांना कपडे पुरवणारं एक दुकान होतं. पेटाऱ्यातून मखमली अंगरखे यायचे, काचेच्या मण्यांचे कंठे यायचे आणि चिलखत यायचं. हे चिलखत कसं करत? जाड सुतळी सुयांवर विणायची आणि तिला चांदीचा रंग फासायचा. लांबून पाहिलं तर लोखंडी कड्यांची जाळी वाटायची. सगळ्या नाटक कंपन्या हेच वापरत. त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुंडलिकभाऊंच्या आलं. ते वलगावचे. तिथे त्यांची विहिरीवरची वाडी होती, मेथी, वांगी, कांदे आणि बांधाच्या कडेनं झेंडू. त्या वर्षी किल्ल्याच्या दरवाजासाठी झेंडूची तोरणं घेऊन ते आले होते. उंच, खांद्यात जरा वाकलेले, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पांढरं फडकं. तोरण बांधून झाल्यावर ते सहज मागच्या कनातीत डोकावले. वकीलसाहेब चिलखत चढवून बसले होते. भाऊंनी जवळ जाऊन त्यांच्या छातीवर अंगठा घासला. अंगठा चांदीचा झाला.

"हे काय होय, मास्तर?"

"चिलखत."

भाऊंनी चिलखताचा काठ हातावर तोलला. "याले तं उंदीर खाईन."

"अहो भाऊ, नाटकात असंच असतं."

"नाटकातला भात खोटा असते, समजलं. थो कोनी खात नाही. पन हा मानूस हे घालून मराले चालला ना? मंग?"

बाहेर ढोल सुरू झाले होते, एका सरदाराची मिशी सापडत नव्हती, आणि हा माणूस मला मंग म्हणून विचारत होता. मी वैतागून म्हणालो, "मग तुम्ही करून द्या खरं!" बोलायची वेळ चुकली म्हणतात ना, तसं झालं. पुढच्या सोमवारी ते शाळेत हजर. टोपलीत माझ्यासाठी मेथीच्या चार जुड्या आणि तोंडात एकच प्रश्न, खरं चिलखत कसं असते? मी इतिहासाच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "हे चित्र हाय. मले वस्तू पायजे."

वस्तू सापडायला वर्ष गेलं. दर्यापूरच्या पुढे एका देशमुखांच्या घरी पूर्वजांचं चिलखत होतं. ते फक्त नवमीला शस्त्रपूजेसाठी पेटीतून निघायचं, आणि परक्या माणसाला हात लावू देत नसत. भाऊंनी काय करावं? नवमीच्या सकाळी मला आणि दोन टोपल्या झेंडू घेऊन देशमुखांच्या दारात उभे. "औंदाचा हार वलगावकडून." फुलवाल्याला देवापाशी कोण अडवतो? हार घालायला त्यांनी इतका वेळ लावला की मला देशमुखांबरोबर तीनदा चहा घ्यावा लागला. देशमुख माझ्या कानाशी म्हणाले, "काय भक्ती आहे हो माणसाची!" भक्ती होतीच. पण फुलांच्या खाली भाऊंची बोटं पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरातून एकेक कडी चाचपत होती. परतताना सर्विस मोटारीत त्यांनी केशरी झालेले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "एका कडीत चार कड्या, मास्तर. अन् हर कडीले रिबीट. जुन्या लोकायनं कड्या नुसत्या वाकवून नाही सोडल्या. हर एक कडी बंद केली." इतका खुश झालेला माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला झोप येत होती.

मग सुरू झालं. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमधल्या भंगारातून तार आणायची. ती लोखंडी गजावर गुंडाळून छन्नीनं कापायची, की कड्या पडतात. प्रत्येक कडीची दोन टोकं ठोकून चपटी करायची, एकावर एक आणायची, बारीक भोक पाडायचं आणि त्यात रिबीट, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान खिळा, बसवून ठोकायचा. अशी एक कडी. मेथी बाजारात रवाना झाली की भाऊ विहिरीजवळच्या मांडवात बसत. गालात पंधरा-वीस रिबिटं धरलेली असायची, त्यामुळे त्या काळातलं त्यांचं निम्मं बोलणं मला कळलेलंच नाही. पाणी द्यायची वेळ झाली की सगळं तिथेच ठेवून उठायचे. पीक पहिलं, चिलखत मागून. म्हणूनच त्याला नऊ दसरे लागले.

यशोदाबाई, त्यांच्या घरच्या, तोंडानं फटकळ होत्या. मी गेलो की पाण्याचा तांब्या पुढे करत आणि सुनावत, "या मास्तर. तुमच्यापायी माह्या घरात लोखंडाची सवत येऊन बसली. ना रांधत, ना भरडत. नुसती गंजते, अन् हे तिले तेल लावून राह्यले." भाऊ गालातल्या गालात हसायचे. पण चिलखताखाली घालायची कापसाची रुई भरलेली जाड बंडी यशोदाबाईंनीच शिवली. नुसतं लोखंड अंगाला काचतं, खाली रुई हवीच, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. टाके इतके घट्ट घातले होते की सुई मोडायची. वर म्हणायच्या, "माहा धनी येडा हाय. पन आता जे करन थे नीट तं कर!"

माप घ्यायची भाऊंची पद्धत तर विचारूच नका. फीत, दोरी काही नाही. ज्याच्या अंगावर चिलखत चढायचं त्यानं वलगावला यायचं आणि कांद्याचा एक वाफा निंदायचा. मग विहिरीतून दहा बादल्या पाणी शेंदायचं. भाऊ त्याच्या भोवती फिरत, बगलेत, पाठीवर, कमरेवर कोळशानं सदऱ्यावर खुणा करत. वकीलसाहेबांनाही हे चुकलं नाही. एवढा मोठा माणूस, कोर्टात टेबलावर मूठ आपटणारा, पण त्या दिवशी वाफ्यात उकिडवा बसून गवताबरोबर कांदेही उपटत होता. यशोदाबाई बांधावरून ओरडल्या, "अहो साहेब, थे कांदे होत! आमाले खाऊ द्या की काही!" पाचव्या बादलीला वकीलसाहेब विहिरीच्या कठड्याला टेकले आणि मला म्हणाले, "मास्तर, याच्यापेक्षा लढाई बरी." भाऊ मात्र गंभीर. "हात वर गेला की बगलेत ओढते. तिथं दोन ओळी जास्त पायजे. उभ्या मानसाचं माप घेतलं तं थे मढ्याचं माप होते."

अकोल्याच्या त्या पोशाखवाल्याच्या कानावर ही बातमी गेली. एकदा तो मुद्दाम वलगावला आला. अर्ध्याहून जास्त झालेलं चिलखत त्यानं दोन्ही हातांनी उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "हे घालून नट पहिल्याच अंकात मरेल की हो." भाऊ ते वाक्य पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. एवढी पावती त्यांना दुसऱ्या कुणी दिली नव्हती. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "खरं असन तं जड असन." झेंडूच्या टोपलीला, जुवारीच्या पोत्याला, पाहुण्यांना, सगळ्याला ते हेच लावायचे.

त्यांची इच्छा एकच होती, आणि ती ते दर दसऱ्याला बोलून दाखवत. चिलखत पुरं झालं की मैदानावर, लोकांसमोर, त्याच्यावर एक खरा वार व्हावा. बेगडी तलवारीचा नाही. खऱ्या पोलादाचा. आणि तो अडावा. "एकच, मास्तर. पाह्यजे तं म्याच घालून उभा राह्यतो. पन एक वार घेऊ द्या याले. नाही तं मले कसं समजन, म्या चिलखत केलं का सुतळी इनली?" मंडळाची बैठक दर वर्षी हे ऐकायची, हसायची आणि चहा प्यायची. कुणी जखमी झालं तर जबाबदार कोण? मी चिटणीस. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. नऊ वर्षं मी पुढच्या वर्षी बघू म्हणत आलो.

नवव्या वर्षी चिलखत पुरं झालं आणि तिकडे महायुद्ध पेटलेलं. खासगी कवायती, लष्करी पेहराव, असलं काही करायला बंदी आली. नाटकाच्या पोशाखाला हरकत नव्हती, फक्त तो शोभेचा पाहिजे. आता माझी चूक सांगतो. परवानगीचा अर्ज मी दर वर्षी मागच्या वर्षीच्या अर्जावरून उतरवून काढायचो. कंटाळा, दुसरं काय? त्यात एक ओळ होती : सर्व शस्त्रे व चिलखते लाकूड, पुठ्ठा व सुतळी यांची आहेत. ती पहिल्या वर्षापासून चालत आलेली. त्याही वर्षी मी ती तशीच उतरवली, खाली सही ठोकली आणि अर्ज देऊन मोकळा झालो.

कुणीतरी निनावी पत्र धाडलं. मंडळ खरी चिलखतं तयार करतं आहे, चिटणीस खोटं लिहून देतो. चौकशीसाठी एक अंमलदार येणार, गुरुवारी शाळेच्या सभागृहात सगळं सामान मांडून ठेवा, असा निरोप मंगळवारी मुख्याध्यापकांकडे आला. त्यांनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं, "अर्ज खोटा ठरला तर तुम्हाला शाळेत ठेवता येणार नाही. तुरुंगाचं मला माहीत नाही." घरी तीन मुलं, म्हातारी आई.

तसाच सायकल मारत वलगावला गेलो. भाऊ मेथी कापत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. लपवता येणार नव्हतं, कारण पत्रात चिलखताचं वर्णन होतं आणि निम्म्या गावानं ते पाहिलं होतं. त्यांनी विळा थांबवला नाही.

"अर्जात काय लिवलं तुमी?"

"सुतळी."

विळा थांबला. "माह्या चिलखताले सुतळी लिवलं?"

मी मान खाली घातली. नऊ वर्षं मी त्यांच्याकडची मेथी खाल्ली होती आणि त्यांच्या कामाबद्दल कागदावर एक ओळ खरी लिहिली नव्हती. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. मी हात जोडून म्हणालो, "भाऊ, तुम्ही फक्त म्हणा, हे खोटं आहे, शोभेचं आहे. माझी नोकरी तुमच्या हातात आहे."

"नुसतं म्हनून ऐकतीन? वार करून पाह्यतीन ना थे."

"पाहतील."

कापलेली मेथी जुडीत बांधत भाऊ म्हणाले, "गुरुवार ना? आज मंगळवार. जा तुमी. घरी सांगजा, जेवून घ्या म्हना. काही होत नाही."

गुरुवारी सकाळी ते आले. खांद्यावर पोतं, उजव्या अंगठ्याला चिंधी. पोत्यातून चिलखत काढलं आणि मी पाहतच राहिलो. काळंभोर, तेल प्यालेलं ते लोखंड त्यांनी चांदीच्या रंगानं रंगवून टाकलं होतं. थेट अकोल्याच्या सुतळीसारखं झगझगत होतं. मी काही विचारणार तेवढ्यात अंमलदार आत आले. माणूस नागपूरकडचा, बोलायला मवाळ, माझ्यासारखाच कंटाळलेला. बरोबर एक तरणा शिपाई, त्याच्या बंदुकीला संगीन. अंमलदारांनी चिलखत उचलून पाहिलं.

"हे तर जड आहे. अर्जात सुतळी लिहिली आहे."

भाऊ पुढे झाले. "सुतळी उंदीर खाते, साहेब, म्हून तार घेतली. मास्तरले काय ठाऊक, ते चित्रं काढते. वजन असलं म्हंजे नटाले चालताना ऐट येते. बाकी सोंग हाय सारं. अडत गिडत नाही काही."

"पाहू या," अंमलदार म्हणाले.

चित्रकलेच्या वर्गातला लाकडी स्टँड आणला. त्याच्यावर कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं बांधलं आणि वर चिलखत चढवलं. शिपाई संगीन रोखून उभा राहिला तेव्हा भाऊ स्वतः जवळ गेले आणि छातीच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं. "इथं मारा, दादा. काळजावर." आणि बाजूला सरले.

संगीन सरळ आत गेली. मुठीपर्यंत. खळकन् कड्या तुटल्या आणि फरशीवर चारी बाजूंना उडाल्या. शिपाई हसला. अंमलदारही हसले, "हे तर खेळणं आहे," म्हणाले, आणि कागद लिहायला टेबलाकडे वळले. भाऊही हसले. मी हसण्याचा प्रयत्न केला.

शिपाई पोरगाच होता, त्याला चेव आला. संगीन उपसून तो काही पावलं मागे गेला आणि धावत येऊन त्यानं गंमत म्हणून आणखी एक वार केला, या वेळी पोटावर, अंगातला सगळा जोर लावून. स्टँड मागे सरकत जाऊन भिंतीला भिडला. संगीन अडली. शिपायाच्या खांद्याला असा हिसका बसला की बंदूक हातातून सुटता सुटता राहिली. "आँ?" तो म्हणाला. एक कडी हलली नव्हती. टेबलाशी अंमलदारांनी मान वर केली.

"लाकूड लागलं, साहेब," भाऊ लगेच बोलले. "मांगं स्टँडचं लाकूड हाय ना. थ्याले लागलं."

अंमलदारांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली. भाऊंकडे मी पाहिलं. ते चिलखताच्या पोटाकडे बघत होते, एकटक, आणि मग त्यांनी नजर काढून घेतली. नऊ वर्षं ज्या एका वारासाठी हा माणूस झुरला, तो वार अडला होता आणि त्यानंच तो लाकडाच्या नावावर घातला होता. मला तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटलं. मी गप्प बसलो.

अंमलदारांनी कागद पुढे केला. भाऊंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "मास्तर, वाचून दाखवा. अंगठा द्यायच्या आंदी ऐकाव लागते." मी वाचलं. सदर चिलखत खोटे व केवळ शोभेचे असून त्याने कोणताही वार अडत नाही. भाऊंनी अंगठ्याची चिंधी सोडली. अंगठ्याच्या कडेला कातडं सोललेलं होतं, सालपटं लोंबत होती. तोच अंगठा शाईत बुडवून त्यांनी कागदावर टेकवला.

सगळे गेल्यावर मी फरशीवरच्या कड्या वेचल्या. प्रत्येक कडीचं भोक मोकळं होतं. तुटलेलं रिबीट एकातही नव्हतं. मंगळवार दुपारपासून त्या माणसानं काळजावरच्या वीतभर जागेतलं एकेक रिबीट ठोकून काढलं होतं आणि कड्या नुसत्या वाकवून बंद केल्या होत्या. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी कड्या बंडीच्या खिशात टाकल्या, चिलखत पोत्यात भरलं आणि विचारलं, "नौकरी राह्यली ना?" राहिली म्हणालो. "मंग झालं," म्हणाले आणि निघाले. आभाराचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आणि परवानगी? ती त्या वर्षी नाहीच मिळाली. युद्ध चालू आहे, गर्दी नको, असं पुढच्या आठवड्यात सगळ्याच मंडळांना कळवण्यात आलं.

लढाईचा देखावा बंद पडला तो पडलाच. बाजारात भाऊ भेटायचे, जुडी हातात देत घरच्यांची चौकशी करायचे, माझ्या पिशवीचं वजन सांगायचे. चिलखताचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मग मी बाजाराचं काम मुलाकडे दिलं. वलगावच्या वाटेला तर फिरकतच नव्हतो. खरं कारण एवढंच की मला त्या माणसासमोर उभं राहवत नव्हतं.

स्वातंत्र्य आलं. मंडळात नवी माणसं आली, त्यांना देखावा पुन्हा सुरू करायचा होता. आणि कुठूनतरी त्यांच्या कानावर आलं होतं की वलगावला कुणाकडे तरी एक खरं चिलखत आहे. पाठवलं कुणाला? मलाच. सायकल झेपत नव्हती, मोटारीनं गेलो. भाऊ मांडवात बसून वांगी निवडत होते. बरेच थकले होते, खांदे आणखी उतरले होते. यशोदाबाईंनी पाणी दिलं, पण काही सुनावलं नाही. मला ते जास्त लागलं.

मी काम सांगितलं. छातीवरची जागा पुन्हा जोडता येईल का, विचारलं.

"कोनतं चिलखत?" भाऊ म्हणाले. "थे तं खोटं हाय, मास्तर. सरकारच्या कागदावर माहा अंगठा हाय."

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं. वांग्यांची चांगली-किडकी अशी वाटणी चालूच होती. मी थोडा वेळ बसलो. उठलो. मांडवाच्या दारापर्यंत गेलो आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही.

"भाऊ, तो दुसरा वार मी पाहिला होता."

त्यांचा हात थांबला.

"पोटावरचा. लाकूड नव्हतं तिथे. स्टँड माझ्या वर्गातला आहे, पोटापाशी तो मोकळाच असतो, मला ठाऊक आहे. संगीन चिलखतानं अडवली."

भाऊंनी हळूच विचारलं, "पाह्यलं तुमी? तुमच्या डोयानं?"

"माझ्या डोळ्यांनी."

"अन् इतके वर्स बोलले नाही?"

"घाबरलो होतो, भाऊ. मग लाज वाटली." एवढंच जमलं.

त्यांनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा माणूस मला चार शब्द ऐकवणार, आणि ऐकवावेत असंच मला वाटत होतं. ते म्हणाले, "कडी तुटली होती काय एखांदी?"

"एकही नाही."

"वाकली?"

"नाही. शिपायाची बंदूक हातातून सुटत होती."

"मले वाटलं, मलेच तसं दिसलं," भाऊ म्हणाले. "मानसाले आपल्या मनचं दिसते ना. म्हून म्या घरीबी नाही सांगतलं. बसा. बसा खाली. पह्यल्यापासून सांगा."

मी बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. पोरगा किती पावलं मागे गेला, संगीन कुठे लागली, खांदा कसा हिसकला. त्यांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, पण मध्येच त्यांनी मला थांबवून दुरुस्ती केली, "दोन नाही, तीन पावलं गेला होता थो मांगं." चिलखत द्यायला मात्र ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. दिलेला अंगठा मागे घेता येत नाही म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

मोटारीपर्यंत दोघं पोहोचवायला आले. मी मागच्या बाकावर बसलो आणि गाडी निघाल्यावर मागे वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला भाऊ यशोदाबाईंना काहीतरी सांगत होते. त्यांनी तीन पावलं मागे घेतली, दोन्ही हातांत नसलेली बंदूक धरली आणि पुढे धावत जाऊन बायकोच्या पोटाच्या रोखानं भोसकली. मग खांद्याला हिसका बसल्यासारखे मागे कोलमडले. यशोदाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाऊ पुन्हा तीन पावलं मागे गेले. तेवढ्यात गाडी वळली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.